वासाला आकडा देणारे

रासायनिक सेन्सर पदार्थाचे नाव सांगत नाही. हवेत किंवा पाण्यात काही वाढले की त्याचा विद्युतरोध बदलतो, नाहीतर दोन टोकांमधले व्होल्टेज काही मिलिव्होल्टने सरकते. त्याची भाषा एवढीच. हा बदल अमोनियामुळे झाला की पावसाळी दमटपणामुळे, आज मिळालेला आकडा सहा महिन्यांनी तसाच मिळेल का, यातले काहीही सेन्सरला ठाऊक नसते. ते शोधून काढण्याचे काम सिग्नल प्रोसेसिंग करणाऱ्याकडे येते. विद्यापीठांत या कामाची स्वतंत्र ओळख तयार झाली ती साधारण १९८० नंतर. त्याआधीच्या पिढ्यांची धडपड वेगळी होती: सेन्सरच इतका चोख करावा की गणिताची गरजच पडू नये. ही धडपड पाण्याच्या बाबतीत बरीच यशस्वी झाली. हवेच्या बाबतीत ती फसली, आणि तिच्या फसण्यातूनच हा पेशा जन्माला आला.

अगदी सुरुवातीचे सेन्सर कोळशाच्या खाणींत होते. हम्फ्री डेव्हीचा दिवा १८१५चा. तो प्रकाश देई, शिवाय मिथेन असला की त्याच्या ज्योतीवर निळसर टोपी चढे आणि तिच्या उंचीवरून अनुभवी खाणकामगार धोक्याचा अंदाज घेई. कार्बन मोनॉक्साइडसाठी जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९०च्या दशकात लहान प्राणी-पक्षी वापरण्याची शिफारस केली. त्यातूनच पिंजऱ्यातली कॅनरी खाणीत उतरली आणि ब्रिटनमध्ये ती थेट १९८६मध्ये, इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर, निवृत्त झाली. दिवा काय किंवा पक्षी काय, अर्थ लावायला शेजारी माणूस उभा असे.

माणसाच्या जागी आकडा आणण्याचे पहिले मोठे यश आम्लतेच्या मोजमापात मिळाले. काचेच्या पातळ पडद्याच्या दोन बाजूंना वेगवेगळ्या आम्लतेचे द्रव असले तर त्यांच्यात व्होल्टेज निर्माण होते, हे मॅक्स क्रेमर यांनी १९०६मध्ये दाखवले. फ्रित्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी १९०९मध्ये त्याचा इलेक्ट्रोड केला. पण काचेतून वाहणारा प्रवाह इतका क्षीण की प्रयोगशाळेतल्या नाजूक गॅल्व्हानोमीटरशिवाय तो दिसत नसे. १९३४मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिंबूवर्गीय फळांच्या उत्पादक संघाला लिंबाच्या रसाची आम्लता मोजायची होती. रसात टिकवणीसाठी घातलेला सल्फर डायऑक्साइड इतर पद्धतींत घोटाळा करी. संघाचे रसायनतज्ज्ञ ग्लेन जोसेफ हे आपले वर्गमित्र, कॅलटेकमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक आर्नल्ड बेकमन, यांच्याकडे गेले. बेकमन यांनी काच तशीच ठेवली आणि तिच्यामागे व्हॅक्यूम ट्यूबचा अॅम्प्लिफायर जोडला. १९३५मध्ये ते उपकरण १९५ डॉलरना विकायला आले. काही वर्षांनी बेकमन यांनी प्राध्यापकी सोडून पूर्णवेळ कारखानदारी पत्करली. रसायनाची अडचण इलेक्ट्रॉनिक्सने सुटल्याचे हे ठळक उदाहरण. मात्र त्यातून विद्यापीठात नवी शाखा निघाली नाही, निघाली ती कंपनी.

काचेच्या इलेक्ट्रोडमध्येही खोट होती. द्रव फार अल्कधर्मी असला की तो हायड्रोजन आयनांसोबत सोडियमलाही प्रतिसाद देऊ लागे. लेनिनग्राडमधील बोरिस निकोल्स्की यांनी १९३७मध्ये या खोटीला सूत्रात बसवले. २५ अंश सेल्सिअसला एकेरी विद्युतभाराच्या आयनाचे प्रमाण दहापट झाले की आदर्श इलेक्ट्रोडचे व्होल्टेज सुमारे ५९ मिलिव्होल्टने बदलते, म्हणजे ते प्रमाणाच्या लॉगरिदमवर चालते. निकोल्स्की यांनी त्या लॉगरिदमच्या आत मुख्य आयनाबरोबर दुसरा, लुडबुड करणारा आयनही बसवला, एका गुणकाने गुणून. जॉर्ज आयझेनमन यांनी पुढे हे सूत्र व्यापक केले. इलेक्ट्रोड किती चोख आहे हे त्या गुणकावरून कळे, म्हणून रसायनशास्त्रज्ञ तो शक्य तितका लहान करण्याच्या मागे लागले. गुणक लहान करण्याऐवजी समीकरणच सोडवावे, हा विचार यायला अजून पाच दशके होती.

हवेतल्या वायूंची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. १९६२ हे तिचे कळीचे वर्ष. क्यूशू विद्यापीठातील तेत्सुरो सेइयामा आणि सहकाऱ्यांनी त्या वर्षी झिंक ऑक्साइडच्या तापवलेल्या पातळ थरावर वायूंचा परिणाम मोजून दाखवला. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी टिन ऑक्साइडच्या सेन्सरसाठी पेटंटचा अर्ज केला. जपानमध्ये घरोघरी सिलिंडर येत होते आणि गळतीचे स्फोटही होत होते, त्यामुळे गिऱ्हाईक तयारच होते. १९६९मध्ये तागुचींची फिगारो ही कंपनी उभी राहिली. सेन्सरची रचना साधी आहे. टिन ऑक्साइडचे बारीक कण दोन-चारशे अंशांपर्यंत तापवले की हवेतला ऑक्सिजन त्यांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि कणांतले इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो त्या ऑक्सिजनशी जळतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध घसरतो. स्वस्त, टिकाऊ, संवेदनशील. दोष एकच, पण मोठा: जळण्यासारख्या जवळपास प्रत्येक वायूला तो प्रतिसाद देतो. स्वयंपाकघरातल्या गजरासाठी हे चालते. कोणता वायू आणि किती, हे विचारले की सेन्सर गप्प.

सुगंध आणि खाद्यपदार्थ यांच्या जगात काही जणांना हा दोष दोषच वाटला नाही. आर. डब्ल्यू. मॉनक्रिफ यांनी १९६१मध्ये वेगवेगळे लेप दिलेल्या थर्मिस्टरने वास ओळखण्याचे उपकरण मांडले. विल्केन्स आणि हार्टमन यांनी १९६४मध्ये इलेक्ट्रोडच्या आधारे नाकाची विद्युत प्रतिकृती सुचवली. दोन्ही प्रयत्न काळाच्या पुढचे होते. अनेक सेन्सरचे आकडे एकत्र वाचायला हाताशी संगणक हवा, तो तेव्हा खोलीभर जागा घेई.

पुढचे पाऊल इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठात पडले. कृष्णा परसौद आणि जॉर्ज डॉड यांचा निबंध १९८२मध्ये 'नेचर'मध्ये आला. मूळ प्रश्न जीवशास्त्राचा होता: सस्तन प्राण्यांचे नाक इतके वास वेगळे कसे ओळखते? प्रत्येक वासासाठी एकेक खास ग्राही असतो, की थोडे ढिले ग्राही मिळून खूण तयार करतात? दोघांनी बाजारात मिळणारे तीन टिन ऑक्साइड सेन्सर घेतले आणि त्यांच्या प्रतिसादांच्या गुणोत्तरांवरून अनेक वास वेगळे करून दाखवले. एकही सेन्सर चोख नव्हता, तिघांचा मिळून नमुना मात्र प्रत्येक वासाला निराळा होता. नाकाबद्दलचा अंदाज पुढे खरा ठरला. लिंडा बक आणि रिचर्ड अॅक्सल यांनी १९९१मध्ये गंधग्राहींच्या जनुकांचे कुटुंब शोधले, त्यासाठी त्यांना २००४चे नोबेल मिळाले. माणसाकडे अशी कार्यरत जनुके चारशेच्या आसपास असून एकेक ग्राही अनेक पदार्थांना आणि एकेक पदार्थ अनेक ग्राहींना जागे करतो, हे आता सर्वमान्य आहे. वॉरिकच्याच ज्युलियन गार्डनर यांनी फिलिप बार्टलेट यांच्यासह १९९४मध्ये 'इलेक्ट्रॉनिक नाका'ची व्याख्या केली. अंशतः निवडक अशा सेन्सरांची रांग आणि तिच्यामागे नमुना ओळखणारी गणिती यंत्रणा, असे तिचे दोन भाग. गार्डनर अभियंते, बार्टलेट रसायनशास्त्रज्ञ, आणि व्याख्येतही दोन्ही खाती शेजारी आली.

गणित मात्र नव्याने शोधावे लागले नाही. ते अनपेक्षित ठिकाणी तयार पडले होते. अनेक मोजमापांना मोजक्या दिशांत गोळा करण्याची मुख्य-घटक पद्धत कार्ल पिअर्सन यांची, १९०१ची. हॅरल्ड हॉटेलिंग यांनी ती १९३३मध्ये पक्की केली. गट वेगळे करण्याची रोनाल्ड फिशर यांची पद्धत १९३६ची. त्याच वर्षी कोलकात्याच्या प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी दोन गटांमधले सांख्यिकी अंतर मोजण्याची आपली रीत मांडली. तिचे मूळ नागपूरला जाते. १९२०मध्ये तिथे भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसच्या अधिवेशनात प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी कोलकात्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास महालनोबिस यांच्याकडे सोपवला. डोक्याची लांबी आणि नाकाची रुंदी ही मापे एकमेकांशी जोडलेली असतात, म्हणून साधे अंतर फसवते. तो परस्परसंबंध हिशेबात घेणारे अंतर हवे, हा धागा त्या कामातून पुढे आला. बत्तीस सेन्सरांचे प्रतिसादही असेच एकमेकांत गुंतलेले असतात. पासाडेनातल्या एका कंपनीने २०००च्या सुमारास हातात धरण्याजोगे, ३२ पॉलिमर सेन्सरांचे नाक बाजारात आणले, तेव्हा नमुने ओळखायला महालनोबिस अंतरही त्यात बसवलेले होते.

रसायनशास्त्राच्या बाजूनेही माणसे येत होती. स्वीडनच्या उमेओ विद्यापीठातील स्वांते वोल्ड यांनी १९७१मध्ये निधीसाठीच्या अर्जात आपल्या कामाला 'केमोमेट्रिक्स' असे नाव दिले, आणि १९७४मध्ये त्यांनी अमेरिकेतील ब्रूस कोवाल्स्की यांच्यासह या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापली. आकडेवारीशी झुंजणाऱ्या रसायनशास्त्रज्ञांना पहिल्यांदाच हक्काचा गोतावळा मिळाला. तरी केमोमेट्रिक्सची नजर मुख्यतः स्पेक्ट्रमवर होती, म्हणजे एका क्षणी घेतलेल्या आकड्यांच्या पट्टीवर. सेन्सरचा प्रतिसाद काळात घडतो. वायू आल्यावर तो चढतो, स्थिरावतो, वायू गेल्यावर सावकाश उतरतो. चढण्याच्या वेगात आणि उतरण्याच्या रेंगाळण्यात पदार्थाची ओळख दडलेली असते. तापकाचे तापमान मुद्दाम वरखाली केले तर एकच सेन्सर दर तापमानाला वेगळा वागतो आणि एकाचे अनेक होतात. हा माल विद्युत अभियंत्याच्या हातचा. गार्डनर, हाइन्स आणि विल्किन्सन यांनी १९९०मध्ये कृत्रिम न्यूरल नेटवर्क वासाच्या यंत्राला जोडले, आणि १९९१मध्ये नाटोने आइसलँडमधल्या रेक्याविक इथे इलेक्ट्रॉनिक नाकावर कार्यशाळा भरवली. अभियांत्रिकीच्या विभागात वासावर पीएचडी करणे तेव्हापासून विचित्र वाटेनासे झाले.

१९९०चे दशक उत्साहाचे, आणि थोडे बढाईचेही. ब्रिटन, फ्रान्स, अमेरिकेत कंपन्या निघाल्या; चीज, कॉफी, सांडपाणी, क्षयरोग, सगळे हुंगून सांगू असे दावे झाले. जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे ३२ पॉलिमर थरांचे नाक १९९८मध्ये अंतराळयानातून फिरून आले. द्रवांसाठी 'इलेक्ट्रॉनिक जीभ'ही आली: क्यूशूमध्ये कियोशी तोको यांची, लिंकोपिंगमध्ये फ्रेडरिक विंकविस्ट यांची आणि सेंट पीटर्सबर्गमध्ये, म्हणजे पूर्वीच्या लेनिनग्राडमध्ये, युरी व्लासोव्ह व आंद्रे लेगिन यांची. शेवटच्या जोडीचे गाव निकोल्स्कींचेच. चोख इलेक्ट्रोडचा आग्रह तिथेच सुटला आणि अनेक ढोबळ इलेक्ट्रोड एकत्र वाचण्याची रीत तिथेच रुळली.

लॉगरिदमच्या आत अडकलेले दोन आयन सोडवण्याचे काम मात्र तिसऱ्याच वाटेने आलेल्या लोकांनी हाती घेतले. फ्रान्समधील ग्रेनोबल इथे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जानी एरो, क्रिस्तियाँ ज्युतेन आणि बर्नार आन्स हे स्नायूंच्या संवेदनेवर विचार करत होते. स्नायूतून निघणारे मज्जातंतू सांध्याची स्थिती आणि वेग ही दोन्ही माहिती मिसळून नेतात, तरी मेंदूला दोन्ही वेगळी कळतात. मिश्रणाचे प्रमाण माहीत नसताना मूळ घटक वेगळे कसे काढायचे? यातून 'अंध स्रोत-विभाजन' निघाले. मांडवात सनई आणि मंगलाष्टके एकदमच चालली असतील आणि दोन मायक्रोफोनवर ती कमीजास्त प्रमाणात मिसळून आली असतील, तर ध्वनिमुद्रणावरूनच दोन्ही सुटी करायची, असा हा प्रश्न आहे. ज्युतेन आणि एरो यांचा पायाभूत निबंध १९९१चा, आणि पिएर कोमाँ यांनी १९९४मध्ये त्याला स्वतंत्र घटकांच्या विश्लेषणाची पक्की चौकट दिली.

ही पद्धत ज्युतेन यांच्या गटाने पुढे आयन-इलेक्ट्रोडांच्या रांगेवर लावली, तेव्हा दोन अडचणी उभ्या राहिल्या. एक, मिश्रण सरळ बेरजेचे नव्हते, ते निकोल्स्की-आयझेनमन सूत्राप्रमाणे लॉगरिदमच्या आत होते, आणि वेगळ्या विद्युतभाराच्या आयनांत तर घातांकही मध्ये येई. दुसरी अधिक खोल. स्रोत-विभाजनाचा सगळा डोलारा मूळ घटक एकमेकांपासून स्वतंत्र असण्यावर उभा असतो. सनईवाला भटजींकडे पाहून सूर धरत नाही. पण नदीच्या पाण्यात अमोनियम वाढले की पोटॅशियमही वाढण्याची शक्यता असते, कारण दोन्ही एकाच शेतातून किंवा नाल्यातून येतात. तेव्हा स्वातंत्र्याचा आधार सोडून दुसरे आधार घ्यावे लागले: प्रमाण ऋण असू शकत नाही, ते काळात झटक्याने उड्या मारत नाही, गुणकांच्या संभाव्य मर्यादा रसायनशास्त्राला माहीत आहेत. हे सारे बेझच्या संभाव्यता-पद्धतीत बसवून मूळ प्रमाणे काढण्याचे काम २०००च्या दशकाच्या उत्तरार्धात झाले. फायदा व्यावहारिक होता. नेहमीचे कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात द्रावणे बनवायची, प्रत्येक इलेक्ट्रोड त्यात बुडवायचा आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. ते कमी झाले तर नदीकाठी सोडून दिलेले उपकरण खरोखर कामाचे ठरते.

भारतात या विषयाचा सर्वांत ठोस उपयोग चहाच्या मळ्यांत झाला. काळ्या चहाची पाने चुरगळल्यावर ती काही काळ हवेत ठेवतात; त्या वेळात गवताळ वास जाऊन फुलासारखा वास येतो. मळ्यातले जाणकार वास घेऊन ही वेळ ठरवतात, आणि त्यांच्या बोलीत 'फर्स्ट नोज' व 'सेकंड नोज' असे दोन टप्पे आहेत. कोलकात्याच्या सी-डॅक आणि जादवपूर विद्यापीठाच्या गटाने टिन ऑक्साइड सेन्सरांची रांग बांधून हे टप्पे आलेखावर शोधले आणि तयार चहाचे वर्गीकरण चाखणाऱ्यांच्या गुणांशी ताडून पाहिले. त्यांचे निबंध २००७-०८च्या सुमाराचे. इथे गणिताचा खरा कस लागला, कारण तुलना सिलिंडरमधल्या शुद्ध वायूशी नव्हती. ती होती माणसाच्या जिभेशी, जी स्वतःच दिवसागणिक थोडी बदलते. मुंबईत आयआयटीच्या वर्तुळातून निघालेल्या कंपनीने अतिसूक्ष्म सेन्सरांच्या आधारे स्फोटकांचे अंश टिपणारे यंत्र केले, ते २०२१मध्ये जाहीर झाले.

या पेशातली रोजची कामे मात्र अशा यशांपेक्षा नीरस असतात. संशोधक विद्यार्थ्याचे पहिले वर्ष बहुधा वायूंचे सिलिंडर, प्रवाह-नियंत्रक आणि काचेचे पात्र जोडण्यात जाते. एक मोजमाप काही मिनिटांचे, त्यानंतर सेन्सर पूर्वपदावर यायला त्याहून जास्त वेळ. आवाज किंवा चित्रांवर काम करणाऱ्याला नमुने हजारांनी मिळतात, इथे शेकड्यांनी. सोळा सेन्सरांतून प्रत्येकी आठ गुणधर्म घेतले तरी १२८ आकडे होतात, आणि नमुने थोडे असले की कुठलीही पद्धत भलतेच काही पाठ करून बसते. बार्सिलोनाचे सांतियागो मार्को आणि टेक्सासचे रिकार्दो गुतिएरेझ-ओसुना यांनी आपल्या आढाव्यांत ही शिस्त समजावून सांगितली: पारखायचे नमुने शिकवण्याच्या नमुन्यांनंतरच्या दिवसांचे असावेत, त्याच दिवसातले निवडून काढू नयेत. सल्ला साधा आहे. तो न पाळलेले निबंध मात्र पुष्कळ निघाले.

या सल्ल्यामागचे कारण सेन्सरचे सरकणे. तापलेले कण हळूहळू वाढतात, सिलिकोनची वाफ पृष्ठभाग निकामी करते, दमटपणा आधाररेषा हलवतो. सहा महिन्यांनी तोच सेन्सर त्याच वायूला वेगळा आकडा देतो. स्वीडिश गटाने २०००मध्ये संदर्भ-वायूच्या साहाय्याने सरकण्याची दिशा शोधून ती वजा करण्याचा उपाय दिला. सॅन दिएगोमध्ये आलेक्झांडर व्हर्गारा आणि सहकाऱ्यांनी १६ सेन्सरांवर ३६ महिने सहा वायूंची मोजमापे घेतली आणि २०१२मध्ये १३,९१० नोंदींचा हा संच सर्वांसाठी खुला केला. पहिल्या महिन्यांवर शिकवलेली यंत्रणा पुढच्या महिन्यांत किती घसरते, हे त्यावर कोणालाही पडताळता येते. प्रयोगशाळा नसलेल्या विद्यार्थ्यालाही या क्षेत्रात शिरता आले, ही त्या संचाची मोठी देणगी.

त्याच शहरातून वाऱ्याच्या बोगद्यातला ७२ सेन्सरांचा आणखी एक संच आला, आणि २०२०मध्ये कॉर्नेल विद्यापीठ व इंटेल यांच्या संशोधकांनी त्यावर मेंदूच्या धर्तीची चिप चालवून दहा वायू ओळखल्याचे जाहीर केले. बातमी जगभर गेली. २०२२मध्ये ब्रिटन व ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्या संचाची तारीखवार तपासणी केली, तेव्हा दिसले की वायू गटागटाने, एकामागून एक मोजले होते. सेन्सर दरम्यान सरकत गेले, आणि त्यामुळे वायू सोडण्याआधीच्या आधाररेषेवरूनही पुढे कोणता वायू येणार हे ओळखता येत होते. यंत्रणा वास ओळखत होती की दिवस, हे त्या आकड्यांवरून सांगता येत नव्हते. संच गोळा करणाऱ्यांची यात लबाडी नव्हती. दर मोजमापाला वायू बदलायचा तर नळ्या धुण्यातच दिवस जातो, म्हणून प्रयोगशाळा गटानेच मोजतात. पण सांख्यिकीत फिशर यांच्या काळापासून सांगितला जाणारा नियम, प्रयोगांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा, या क्षेत्रात जोमाने मांडला जाऊ लागला तो अशा तपासण्यांनंतर.

आज तापमान वरखाली करणारे टिन ऑक्साइडच्या जातीचे सेन्सर काही मिलिमीटरच्या चिपमध्ये, शिकवण्याच्या सॉफ्टवेअरसह, विकत मिळतात. एका सर्किट-बोर्डावर आठ चिप लावून दिवसाला हजारो नोंदी घेता येतात. नोंदी वाढल्या, तरी प्रत्येक नोंदीला 'हा अमुक वायू, इतक्या प्रमाणात' असे लेबल लावायला ज्ञात मिश्रण बनवणारी मांडणी अजून लागतेच. म्हणून या विषयातले बहुतेक गट, मग ते विद्युत अभियांत्रिकीच्या विभागात असोत की रसायनशास्त्राच्या, सिलिंडर आणि प्रवाह-नियंत्रक बाळगून असतात, आणि नव्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा तेच जोडायला शिकवतात.